खत झालेली हवा : बे चेकरस्पॉट फुलपाखराच्या संरक्षणविचाराची चिकित्सा

स्टुअर्ट वाइस यांचा ‘कार्स, काउज अँड चेकरस्पॉट बटरफ्लाइज’ हा निबंध १९९९ साली ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोटारी, गायी आणि फुलपाखरे यांना एका ओळीत बसविणारे हे शीर्षक प्रथमदर्शनी खेळकर वाटते. परंतु कॅलिफोर्नियातील एका दुर्मीळ फुलपाखराच्या ऱ्हासाची जी मीमांसा या निबंधात आली, तिने वायुप्रदूषणासंबंधीच्या एका रूढ समजुतीलाच धक्का दिला. प्रदूषण म्हणजे विष, आणि विषाने सजीव मरतात, ही ती समजूत होय. येथे फुलपाखरू विषाने मरत नव्हते. हवेतून मिळणाऱ्या खतामुळे त्याचे अन्न नाहीसे होत होते. गेल्या पाव शतकात या निबंधाच्या आधारे शासकीय परवाने दिले गेले, जमिनी राखून ठेवल्या गेल्या, शुल्के आकारली गेली. त्यामुळे मूळ प्रतिपादन कितपत टिकते आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संरक्षणव्यवस्थेने प्रतिपादनाचा कोणता भाग उचलला व कोणता बाजूला ठेवला, या दोन्ही प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

बे चेकरस्पॉट हे फुलपाखरू सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातच आढळते. ‘युफिड्रायस एडिथा बेयेन्सिस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. काळ्या, तांबूस-नारिंगी व पिवळट रंगांच्या चौकटींमुळे त्यास ‘चेकरस्पॉट’ म्हणतात. अमेरिकेच्या केंद्र शासनाने १९८७ साली त्याचा समावेश संरक्षित प्रजातींच्या यादीत केला. कायद्याच्या परिभाषेत त्याची वर्गवारी ‘धोक्यातील’ अशी आहे, म्हणजे ‘नष्टप्राय’ या वर्गाच्या एक पायरी अलीकडची. हे फुलपाखरू आता मुख्यत्वे सर्पेंटाइन या हिरवट खडकापासून बनलेल्या मातीवर तग धरून आहे. या मातीत मॅग्नेशियम भरपूर, कॅल्शियम कमी, निकेल व क्रोमियमसारखे जड धातू आणि नत्र अत्यल्प असते. युरोपातून आलेल्या गवतांनी कॅलिफोर्नियाची बहुतेक कुरणे व्यापली, तरी सर्पेंटाइनच्या निकस जमिनीवर त्यांचा निभाव लागला नाही आणि तेथे देशी रानफुले टिकली. कोकणातील कातळसडे किंवा कासचे पठार ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहे, त्यांना जमिनीचे दारिद्र्यच लहान वनस्पतींची श्रीमंती कशी राखते, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

या फुलपाखराच्या अळीचे प्रमुख खाद्य म्हणजे ‘प्लँटॅगो इरेक्टा’ ही बोटभर उंचीची वनस्पती. आपल्या परिचयाच्या इसबगोलाचीच ही सगोत्र. हिवाळी पावसाने ती उगवते आणि उन्हाळा लागताच वाळते. वसंतात घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळीला वनस्पती वाळण्यापूर्वी ठरावीक वाढ पूर्ण करून सुप्तावस्थेत जावे लागते. वेळ चुकली की उपासमार. या शर्यतीत बहुसंख्य अळ्या मरतात. सुप्तावस्थेतून वाचलेल्या अळ्या पुढील पावसानंतर पुन्हा खाऊ लागतात, उन्हात अंग शेकून वाढतात आणि फेब्रुवारीअखेर ते मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत फुलपाखरे उडतात. वाइस, मर्फी व व्हाइट यांनी १९८८ सालीच दाखवून दिले होते की, डोंगराच्या दक्षिण उतारावरील ऊन अळ्यांची वाढ लवकर घडविते, तर उत्तर उतारावर वनस्पती अधिक दिवस हिरव्या राहतात. म्हणून दोन्ही प्रकारचे उतार असलेली विस्तीर्ण भूमीच या जातीला सांभाळू शकते. एवढे काटेकोर वेळापत्रक असलेल्या जीवाच्या परिसरात उंच, दाट गवत वाढले, तर काय होईल हे उघड आहे. इसबगोलाची ही लहानशी बहीण गवताच्या सावलीत व पेंढ्याच्या थराखाली दडपली जाते.

वाइस यांच्या निरीक्षणाचा गाभा पुढीलप्रमाणे आहे. दक्षिण सॅन होजे भागातील काही टेकड्यांवर गुरांची चराई बंद झाली आणि थोड्याच काळात तेथील फुलपाखरांची संख्या कोसळली. शेजारच्याच, चराई चालू असलेल्या टेकड्यांवर तसे घडले नाही. परंतु उत्तरेकडे सॅन फ्रान्सिस्को द्वीपकल्पावर चराई नसलेल्या सर्पेंटाइन कुरणांनी जवळजवळ चार दशके परक्या गवतांना थोपवून धरले होते. मग चराई थांबताच दक्षिणेस गवत का माजले? वाइस यांचे उत्तर हवेत आहे. प्रचलित वाऱ्यांबरोबर उपसागराकाठच्या शहरांचा धूर दक्षिण सॅन होजेकडे वाहत येतो. त्यातील नायट्रोजनची ऑक्साइडे, नायट्रिक आम्लाची वाफ व अमोनिया पावसाविनाही पानांवर आणि मातीवर बसतात. यास शुष्क निक्षेपण म्हणतात. दक्षिण सॅन होजेत हे प्रमाण दरवर्षी हेक्टरी १० ते १५ किलो नत्र, तर द्वीपकल्पावर ४ ते ६ किलो, असा त्यांचा अंदाज आहे. महाराष्ट्रात बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. त्या मानाने १५ किलो काहीच नव्हे. मात्र गव्हाला ही मात्रा एका हंगामापुरती मिळते, तर टेकडीला ती दरवर्षी, न मागता आणि कोणतेही पीक काढून न नेता मिळत राहते.

या मांडणीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. सर्पेंटाइन जमिनीत नत्र घातल्यास गवत वाढते, हे प्रयोगांनी आधीच सिद्ध झाले होते. वाइस यांनी त्यास भूगोल जोडला. तरीही चिकित्सक वाचकाने दोन-तीन ठिकाणी थांबावयास हवे. एक तर निक्षेपणाचे वरील आकडे मुख्यत्वे अनुमानित आहेत आणि टेकड्यांची तुलना ही नियोजित प्रयोगाची तुलना नव्हे. चराई कोठे थांबली हे संशोधकाने ठरविले नव्हते, जमिनीच्या मालकांनी ठरविले होते. दुसरे, गायींच्या कार्याविषयी निबंधात दोन विधाने जोडून येतात : गुरे रानफुलांपेक्षा गवत पसंत करतात, आणि गुरे कत्तलीसाठी बाहेर गेली की त्यांच्यासोबत नत्रही कुरणाबाहेर जाते. पहिले विधान निर्णायक आहे. दुसऱ्याला मात्र मर्यादित अर्थच आहे, कारण गुरांनी खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग शेणामुतातून त्याच जमिनीवर परततो आणि गोमूत्रातून अमोनियाही सुटतो. गाय हवेतून आलेले खत काढून नेते, हे चित्र आकर्षक असले तरी तिचे खरे काम खताचा दृश्य परिणाम खाऊन टाकण्याचे आहे. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण पुढे जी धोरणे आखली गेली त्यांचा सारा भार याच जागी येऊन पडतो.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जास्पर रिज या राखीव क्षेत्रात पॉल अर्लिक यांनी १९६० च्या सुमारास या फुलपाखराचा अभ्यास सुरू केला. प्राण्यांच्या लोकसंख्याशास्त्रात तो आदर्श मानला जातो. अर्लिक व इल्का हान्स्की यांनी संपादित केलेल्या ‘ऑन द विंग्ज ऑफ चेकरस्पॉट्स’ (२००४) या ग्रंथात त्याचे सार आले आहे. जास्पर रिज द्वीपकल्पावर आहे, म्हणजे वाइस यांच्याच हिशेबाने कमी नत्राच्या प्रदेशात. तरीही १९९८ पर्यंत तेथून फुलपाखरू पूर्णतः नाहीसे झाले. मॅकलॉफ्लिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचे कारण पर्जन्यमानातील वाढत्या चढउतारांत शोधले. लहान, तुटक अधिवासाला कोरड्या व अतिवृष्टीच्या वर्षांचे हेलकावे सोसले नाहीत. म्हणजेच नत्र हे एकमेव कारण नव्हे. परंतु यामुळे वाइस यांचे प्रतिपादन खंडित होते असेही नव्हे. द्वीपकल्पावरीलच एजवुड उद्यानात, जेथून २८० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जातो, तेथे रस्त्यालगत परके गवत माजले आणि २००२ च्या सुमारास तेथील फुलपाखरे संपली. महामार्गापासून दूर गेल्यास नत्र घटते व गवतही विरळ होते. एकाच द्वीपकल्पावरील या दोन विनाशकथा शेजारी ठेवल्या, म्हणजे हवामानाचे हेलकावे आणि नत्राचा संथ भार ही दोन वेगळी संकटे असून ती एकमेकांस पूरक ठरतात, असे म्हणावे लागते. २०१० मध्ये मार्क फेन व सहकाऱ्यांनी (वाइस त्यांतील एक) कॅलिफोर्नियातील परिसंस्थांसाठी नत्राचे ‘क्रांतिक भार’ निश्चित केले, तेव्हा सर्पेंटाइन कुरणांसाठी हेक्टरी सुमारे ६ किलोचा उंबरठा पुढे आला.

आता कायद्याकडे वळणे प्राप्त आहे. अमेरिकेच्या हवाविषयक कायद्यात मानके दोन प्रकारची आहेत. प्राथमिक मानके माणसाच्या आरोग्यासाठी, दुय्यम मानके पिके, वनस्पती, इमारती आदींच्या कल्याणासाठी. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १९७१ मध्ये जे वार्षिक मानक ठरले (अब्जांशी ५३ भाग), ते दोहोंसाठी एकच होते. ते मोजते हवेतील तीव्रता. जमिनीवर वर्षानुवर्षे काय साचते ते नव्हे. फुप्फुसाला दर श्वासाची तीव्रता महत्त्वाची असते, तर टेकडीच्या दृष्टीने वर्षाची बेरीज. २०१२ च्या फेरविचारात अपुरेपण मान्य होऊनही निक्षेपणावर आधारलेले नवे मानक आले नाही, आणि डिसेंबर २०२४ च्या निर्णयात सल्फर डायऑक्साइडचे दुय्यम मानक बदलले तरी नायट्रोजन डायऑक्साइडचे तसेच राहिले. अमोनिया तर या मानकांच्या यादीतच नाही. परिणामी सॅन होजेची हवा कायद्याने ‘स्वच्छ’ ठरत असतानाच फुलपाखराच्या दृष्टीने असह्य असू शकते.

येथे एक तांत्रिक विसंगती नमूद केली पाहिजे, कारण धोरणचर्चेत ती सहसा तळटिपेतच राहते. मोटारींच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्यासाठी जे उत्प्रेरक परिवर्तक बसवितात, त्यांत काही प्रमाणात अमोनिया तयार होतो. वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांत त्याच हेतूने धुरात अमोनिया मिसळून उत्प्रेरकावरून नेतात. त्यातील न वापरला गेलेला अमोनिया धुराड्यातून निसटतो. माणसासाठी धूर सौम्य होतो, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु अमोनियातही नत्रच आहे आणि तो उगमापासून जवळच खाली बसतो. एजवुडच्या रस्त्यालगत जे घडले त्यात या अमोनियाचा वाटा मोठा मानला जातो.

मेटकाफ वीजकेंद्राचे प्रकरण या पार्श्वभूमीवर पाहावे. सॅन होजेच्या दक्षिणेस कोयोटी खोऱ्यात सुमारे ६०० मेगावॉट क्षमतेचे, नैसर्गिक वायूवर चालणारे हे केंद्र कॅलपाइन कंपनीने उभारले. बे चेकरस्पॉटची सर्वांत मोठी उरलेली वस्ती ज्या कोयोटी रिजवर आहे, ती डोंगररांग याच खोऱ्याच्या पूर्वेस. शहराने प्रारंभी विरोध केला. परंतु २०००-०१ च्या तीव्र वीजटंचाईत परिस्थिती पालटली आणि सप्टेंबर २००१ मध्ये राज्याच्या ऊर्जा आयोगाने प्रकल्पास मंजुरी दिली. २००५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. मंजुरीची अट म्हणून फुलपाखराच्या अधिवासाची शंभराहून अधिक एकर जमीन राखून तिच्या व्यवस्थापनाची, म्हणजे मुख्यतः नियोजित चराईची, तरतूद करावी लागली. वीजकेंद्राच्या धुराचा विचार विषारीपणासाठी न होता खतमूल्यासाठी झाला, ही या प्रकरणातील उल्लेखनीय बाब होय. वाइस यांच्या निबंधाखेरीज हे घडले नसते, आणि एखाद्या शोधनिबंधाने इतक्या अल्पावधीत प्रशासनाची परिभाषा बदलावी याचे कोणाही प्राध्यापकाला कौतुक वाटेल.

मात्र भरपाईचे स्वरूप पाहिले की कौतुक काहीसे ओसरते. धुराड्यातून नत्र बाहेर पडतच राहिले. त्याच्या बदल्यात गायींची सोय झाली. २०१३ मध्ये सांता क्लारा खोऱ्याची अधिवास योजना अमलात आली, तेव्हा हेच तत्त्व सर्व विकासकामांना लागू झाले. नव्या बांधकामामुळे रोज जितक्या वाहनफेऱ्या वाढतील, त्या प्रमाणात ‘नत्र निक्षेपण शुल्क’ आकारावयाचे आणि त्यातून जमीनखरेदी व व्यवस्थापन चालवावयाचे. हवेतील अदृश्य भाराला किंमत लावण्याचा हा प्रयत्न कल्पक आहे, यात शंका नाही. दुकानाच्या वाहनतळाचा संबंध डोंगरावरील अळीशी जोडून दाखविणारी दुसरी कायदेशीर तरतूद सहसा सापडणार नाही. परंतु शुल्क एकदा भरावयाचे असते आणि फेऱ्या कायम चालतात. आणि शुल्काने एकही फेरी कमी होत नाही. योजनेचा परवाना ५० वर्षांचा आहे. २०६३ नंतरही टेकडीवर गुरे लागतील, गुरे पाळणारा माणूस लागेल, आणि सिलिकॉन व्हॅलीच्या जमिनीच्या भावात त्याला तेथे राहणे परवडावे लागेल. गाय ही संरक्षणाची उपाययोजना नसून प्रदूषणाची कायमची देखभाल आहे, असे माझे मत झाले आहे. वाइस यांनी मोटारी शीर्षकात पहिल्या ठेवल्या होत्या. धोरणाने गायी पहिल्या घेतल्या आणि मोटारींना गृहीत धरले.

याला दुसरा पर्याय असतो का, हे पाहण्यासाठी नेदरलँड्सचे उदाहरण उपयुक्त आहे. क्रांतिक भाराची संकल्पना युरोपातच १९८० च्या दशकात रुजली आणि तेथील निकस माळरानांवरही नत्रामुळे गवत माजून फुलपाखरे घटली. वॉलिस द फ्रीस व फान स्वाय यांनी २००६ मध्ये असेही सुचविले की, गवताच्या लवकर होणाऱ्या वाढीमुळे जमिनीलगतचे तापमान वसंतात उतरते आणि ऊन शेकणाऱ्या अळ्यांची कुचंबणा होते. डच शासनाने एक कार्यक्रम आखून, भविष्यातील अधिवाससुधारणा हिशेबात धरून नव्या प्रकल्पांना परवाने दिले. २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो कार्यक्रम रद्द ठरविला. जी सुधारणा अद्याप झालेली नाही, तिच्या भरवशावर आजचा भार मंजूर करता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय. परिणामी हजारो बांधकामे व गोठे अडकले, शेतकऱ्यांची आंदोलने झाली, राजकारण ढवळून निघाले. तो मार्ग सुखाचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण तेथे वाद नत्राच्या उगमाविषयी झाला. कॅलिफोर्नियात तो वाद भरपाईच्या एकरांवर मिटला. या दोहोंत कोणती व्यवस्था फुलपाखराला अधिक काळ जगवील, याचे उत्तर आज देता येणार नाही. कोयोटी रिजवर चराईमुळे ते जगले आहे, ही वस्तुस्थिती टीकाकारानेही विसरता कामा नये.

चराईचा उपाय सर्वत्र चालत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. त्याच उपसागराच्या पूर्वेकडील अँटिओक येथे नदीकाठी वाळूच्या टेकड्यांचा एक अवशेष आहे. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पुनर्बांधणीत लागणाऱ्या विटांसाठी तेथील वाळू मोठ्या प्रमाणावर उपसली गेली. लँग मेटलमार्क हे १९७६ पासून ‘नष्टप्राय’ यादीत असलेले फुलपाखरू जगात केवळ येथेच आढळते, आणि १९८० मध्ये त्याच्यासाठी व दोन दुर्मीळ वनस्पतींसाठी हे राष्ट्रीय अभयारण्य स्थापन झाले. १९९९ मध्ये मोजणीत २,३०० हून अधिक फुलपाखरे दिसली होती; २००६ मध्ये ४५. वाळूही सर्पेंटाइनप्रमाणे निकस, आणि आसपास उद्योग व वायूवरील वीजकेंद्रे. येथे अळीची एकमेव खाद्यवनस्पती म्हणजे रानटी बकव्हीटची एक जात, आणि गवत व तण तिला वाढू देत नाहीत. वणवे, जुनी खोदाई आणि अधिवासाचा लहानसा आकार ही कारणे इतकी गुंतलेली आहेत की नत्राचा वाटा वेगळा काढणे कठीण. जलमार्गातून उपसलेली वाळू तणांवर पसरून जमीन पुन्हा निकस करण्याचा प्रयत्न तेथे झाला. तोही उपाय उगमाला स्पर्श करीत नाही.

आपल्याकडील वाचकाने या निबंधातून गायींचा धडा तडकाफडकी उचलू नये, असे सुचवावेसे वाटते. कासच्या पठारावर चराई थांबवून कुंपण घालण्यावरून जो वाद झाला, त्यात ‘गुरे हवीत की नकोत’ एवढाच प्रश्न वारंवार विचारला गेला. वाइस यांचा प्रश्न वेगळा होता : चराई थांबल्यावर जे गवत वाढते, त्याला खत कोठून मिळते? याचे उत्तर प्रत्येक जमिनीसाठी स्वतंत्रपणे शोधावे लागेल. त्यासाठी पठारावर व सड्यावर प्रतिवर्षी हेक्टरी किती नत्र उतरते, त्यातील किती वाहनांचे, किती कारखान्यांचे व वीजकेंद्रांचे, किती शेतीतील युरियाचे, याची मोजणी हवी. औद्योगिक प्रकल्पांच्या परिणाम-अहवालांत हवेतील तीव्रतेचे तक्ते पानोपानी असतात. त्यांच्या शेजारी किलो प्रति हेक्टर हा एक रकाना वाढविण्यास तांत्रिक अडचण नाही. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र विभाग एकत्र आले, तर आयनविनिमय राळेचे साधे संग्राहक लावून हे काम अल्प खर्चात सुरू करता येईल. कॅलिफोर्नियातही निक्षेपणाच्या मोजणीत अशा संग्राहकांचा वापर झाला आहे.